बार्शीची पोरगी सानियासोबत ऑलिम्पिक खेळली. पण फक्त डबल्स खेळून टेनिसमध्ये पोट भरतं का?

मुंबई-आग्रा हायवेने धुळे मागे टाकून शिरपूरच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात सोनगीर लागतं. टेकडीवर जुना किल्ला आणि खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नाव असलेलं गाव. या गावाचा टेनिसशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध नाहीच. पण एक प्रयोग करून बघा. सोनगीरच्या पारावर किंवा तुमच्या स्वतःच्या गावात चार लोकांना विचारा, भारताचे टेनिस खेळाडू कोण कोण माहितीयेत? उत्तरं ठरलेली आहेत. सानिया मिर्झा, लिएंडर पेस, महेश भूपती, आणि अलीकडे पेपर वाचत असेल तर रोहन बोपण्णा.

आता या चार नावांमधली गंमत बघा. सीनियर गटातलं ग्रँडस्लॅम विजेतेपद मिळवणारे भारतीय हे चौघंच, आणि चौघांनीही ते डबल्समध्ये मिळवलं. पेसची १८, भूपतीची १२, सानियाची ६, बोपण्णाची २. सगळी पुरुष दुहेरी, महिला दुहेरी नाहीतर मिश्र दुहेरी. एकेरीत आजवर एकाही भारतीयाने सीनियर ग्रँडस्लॅम जिंकलेलं नाही. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या सेमीफायनलपर्यंत गेले होते, त्याच्या पुढे कुणी गेलं नाही.

म्हणजे ज्या प्रकाराने भारताला टेनिसमध्ये नाव दिलं, तो डबल्स. आणि ज्या प्रकाराची मॅच टीव्हीवर लागली की लोक चॅनल बदलतात, तोही डबल्सच. पेस, सानियाच्या पातळीवर पोचल्यावर पैशाचा प्रश्न उरत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण त्यांच्या खाली जगात शेकडो खेळाडू आहेत जे फक्त डबल्स खेळून करिअर करतात. त्यातले काही आपल्या महाराष्ट्रातले आहेत. त्यांचं नेमकं चालतं कसं?

बार्शी ते रिओ

सोलापूर जिल्ह्यातली बार्शी म्हटलं की भगवंताचं मंदिर आठवतं, मोठी बाजारपेठ आठवते, जुन्या लोकांना बार्शी लाइटची छोटी रेल्वे आठवते. टेनिस कुणाला आठवत नाही. १८ जून १९९४ रोजी या गावात जन्मलेली प्रार्थना ठोंबरे भारताची आंतरराष्ट्रीय टेनिसपटू झाली, ही गोष्ट म्हणूनच थोडी थांबून बघण्यासारखी आहे.

प्रार्थना एकेरीही खेळली. पण एकेरीत ती जगातल्या पहिल्या दोनशेत कधी पोचली नाही. डबल्समध्ये मात्र गाडी वेगळ्याच रुळावर गेली. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धांमध्ये तिने दुहेरीची वीसहून जास्त विजेतेपदं जिंकली. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉन एशियन गेम्समध्ये ती सानियासोबत उतरली आणि महिला दुहेरीचं ब्राँझ घेऊन आली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. काही काळ तिने हैदराबादला सानियाच्या अकॅडमीत सरावही केला.

दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिक आलं. तिथे डबल्सचं गणित कसं चालतं याचा एक नमुनाच बघायला मिळाला. ऑलिम्पिकमध्ये दुहेरीच्या रँकिंगमध्ये पहिल्या दहात असलेल्या खेळाडूला थेट प्रवेश असतो आणि तो आपल्या देशातला जोडीदार सोबत आणू शकतो. सानिया तेव्हा दुहेरीत जगात एक नंबर होती. म्हणजे तिच्यासोबत जी जाईल, तिला ऑलिम्पिकचं दार उघडणार होतं. ती प्रार्थना ठरली. स्वतःच्या रँकिंगवर तिला रिओत जागा मिळाली नसती, हे खरं आहे. आणि सानियासोबत उभं राहण्याच्या शर्यतीत ती देशात पुढे होती म्हणूनच तिची निवड झाली, हेही तितकंच खरं आहे.

रिओत पहिल्याच फेरीत समोर चीनची जोडी आली, पेंग शुआई आणि झांग शुआई. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा सानिया-प्रार्थनाने ७-५ असा घेतला, तिसरा चीनने ७-५ असा नेला. पावणेतीन तासांच्या आसपास चाललेली मॅच, आणि ऑलिम्पिक संपलं. निकालाच्या यादीत ‘पहिल्या फेरीत पराभव’ एवढीच ओळ राहते.

त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या बाजूला काय झालं होतं ते आठवतंय? बोपण्णा पहिल्या दहात होता, त्याला साकेत मायनेनी जोडीदार हवा होता, टेनिस संघटनेने पेसला सोबत पाठवलं. चार वर्षं आधी लंडन ऑलिम्पिकच्या वेळी तर भूपती आणि बोपण्णा या दोघांनीही पेससोबत खेळायला नकार दिला होता आणि शेवटी भारताने दोन वेगळ्या जोड्या पाठवल्या होत्या. तेव्हा याकडे अहंकाराची भांडणं म्हणून बघितलं गेलं. अहंकार असेलही. पण डबल्सवाल्या माणसासाठी जोडीदार हा नोकरीचा प्रश्न असतो, हे कळलं की ती भांडणं जरा वेगळी दिसायला लागतात.

जोडीदार शोधणं हेच अर्धं काम

एकेरीत तुमचं रँकिंग तुमचं. स्पर्धेत नाव टाकायचं, रँकिंग पुरेसं असेल तर आत, नसेल तर बाहेर. डबल्समध्ये दोघांच्या रँकिंगची बेरीज बघितली जाते. बेरीज जितकी कमी, तितकी जागा पक्की.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही जगात १२० वर आहात आणि तुमची जोडीदार ९० वर. बेरीज २१०. त्या आठवड्यात स्पर्धेत शेवटची जी जोडी आत गेली तिची बेरीज १८० असेल, तर तुम्ही बाहेर. आता तुमच्याकडे रस्ते दोन. एक तर खालच्या दर्जाची स्पर्धा शोधा, नाहीतर ६० वर असलेली जोडीदार शोधा. पण ६० वाली तुमच्यासोबत का खेळेल? तिलाही ४० वाली हवी असते.

त्यामुळे या खेळाडूंचा बराच वेळ मेसेज करण्यात जातो. अमुक आठवड्यात तू कुठे खेळतेस, तमुकसोबत ठरलंय का, नसेल तर आपण खेळू या का. जुळली जोडी तर वर्षभर, नाही जुळली तर एका आठवड्यात सलाम. जोडीदाराचा घोटा मुरगळला की तुमचा काहीही दोष नसताना तुमचा आठवडा गेला, तिकीट गेलं आणि हॉटेलही गेलं.

यात अजून एक मेख आहे. डबल्समध्ये नाव टाकताना एकेरीचं रँकिंगही वापरता येतं. समजा एखादी खेळाडू एकेरीत चाळिसावी आहे आणि डबल्स वर्षातून चार वेळा गंमत म्हणून खेळते. तिला चाळीस हाच आकडा लावून जोडीत शिरता येतं. त्या एका नावामुळे फक्त डबल्सवर जगणारी एक जोडी यादीतून खाली सरकते. आधीच स्पर्धेत जागा कमी. एटीपीच्या सगळ्यात छोट्या, म्हणजे २५० दर्जाच्या स्पर्धेत डबल्सच्या साधारण सोळाच जोड्या असतात.

आणि रँकिंग म्हणजे काय? मागच्या बावन्न आठवड्यांतल्या चांगल्या निकालांचे पॉइंट. त्र्याहत्तरची स्पर्धा जिंकली म्हणून आयुष्यभर मिरवा, असं इथे चालत नाही. बरोबर एक वर्षाने ते पॉइंट गळून पडतात. मागच्या वर्षी ज्या आठवड्यात फायनल खेळलात, यंदा त्याच आठवड्यात काही केलं नाही तर तुम्ही घरी बसूनही खाली घसरता.

कोर्टावर नेमकं काय वेगळं असतं?

‘एकेरीत जमलं नाही म्हणून डबल्स’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही.

एकेरीचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद असतं. डबल्सला दोन्ही बाजूच्या पट्ट्या धरल्या की ते १०.९७ मीटर होतं. रुंदी वाढते पावणेतीन मीटरच्या आसपास, पण सांभाळायला माणसं दोन. त्यामुळे मागून तासभर रॅली मारत बसण्याचा फायदा कमी होतो, कारण नेटजवळ समोरचा एक माणूस तुमचा शॉट तोडायला टपलेलाच असतो. पॉइंट पहिल्या चार-पाच फटक्यांत निकालात निघतो. सर्व्हिस, रिटर्न, पहिली व्हॉली. या तीन गोष्टींवर डबल्सवाल्याचं घर चालतं.

मॅच बघताना तुम्ही नेटजवळच्या खेळाडूला पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करताना बघितलं असेल. तो आपल्या सर्व्हिस करणाऱ्या जोडीदाराला सांगत असतो की सर्व्हिस कुठे टाक आणि मी मध्ये घुसणार आहे की जागेवर थांबणार आहे. कधी कधी तो नेटच्या बरोबर मध्यावर, जवळजवळ गुडघ्यांवर बसतो. डोकं नेटच्या खाली. समोरच्याला कळतच नाही की हा डावीकडे उडी मारणार की उजवीकडे. रिटर्न करणाऱ्याला त्या अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. आणि रिटर्नही असा हवा की चेंडू नेटवरून जेमतेम जाऊन सर्व्हिस करून पुढे धावत येणाऱ्याच्या पायाशी पडेल. एकेरीतला जोरकस रिटर्न इथे हमखास अंगाशी येतो.

अजून एक गोष्ट म्हणजे बाजू. डबल्समध्ये एक जण कायम उजव्या कोर्टातून रिटर्न करतो, दुसरा डाव्या. सेट सुरू झाल्यावर बाजू बदलता येत नाही. त्यामुळे खेळाडू वर्षानुवर्षं एकाच बाजूचा होऊन जातो, आणि जोडीदार शोधताना नुसतं रँकिंग नाही तर ‘तुझी बाजू कोणती’ हेही विचारावं लागतं.

नियमही वेगळे आहेत आणि त्यामागे एक भांडण आहे. २००५ मध्ये एटीपीने असा विचार सुरू केला की डबल्समध्ये एकेरी खेळणाऱ्यांनाच जास्तीत जास्त जागा द्यायच्या, म्हणजे स्टार दिसतील आणि तिकिटं खपतील. डबल्सवाल्यांचं पोटच जाणार होतं. ते अमेरिकेत कोर्टात गेले, खटला भरला. पुढे तडजोड झाली. डबल्स राहिलं, पण २००६ पासून छोटं झालं. चाळीस-चाळीस झालं की अ‍ॅडव्हांटेज नाही, थेट एकच निर्णायक पॉइंट, आणि रिटर्न कुणी घ्यायचा ते समोरची जोडी ठरवणार. एकेक सेट झाला की तिसरा सेट नाहीच, त्याऐवजी दहा पॉइंटचा सुपर टायब्रेक. ग्रँडस्लॅमच्या पुरुष आणि महिला दुहेरीत तिसरा सेट अजून पूर्ण खेळतात, पण बाकी बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे.

या नियमामुळे नशिबाचा वाटा वाढला, असं डबल्सवाले म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. दोन तास चांगलं खेळा, आणि दहा मिनिटांत सगळं जाऊ शकतं.

पण मिळूही शकतं. पुण्याचा अर्जुन कढे हे याचं चांगलं उदाहरण. १९९४ चा जन्म, अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीकडून कॉलेज टेनिस खेळला, मग व्यावसायिक झाला आणि हळूहळू डबल्सकडे वळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटी ओपनमध्ये तो आणि हैदराबादचा रित्विक बोल्लिपल्ली फायनलला पोचले. पहिला सेट ३-६ गेला. दुसरा टायब्रेकवर घेतला. मग सुपर टायब्रेक, जो दहावर संपायला हवा होता, तो १४-१२ पर्यंत गेला. तिशीत आलेल्या अर्जुनच्या नावावर एटीपी टूरचं विजेतेपद लागलं. दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले असते तर?

आता पैशाचं बोलू

विम्बल्डन २०२५ मध्ये एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड होते. डबल्स जिंकणाऱ्या जोडीला ६ लाख ८० हजार पौंड, तेही दोघांत मिळून. म्हणजे एकाच्या वाट्याला ३ लाख ४० हजार, एकेरीच्या विजेत्याच्या साधारण नववा हिस्सा. एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही ६६ हजार पौंड मिळत होते, त्यामुळे एकेरीत पहिल्या शंभरात असलेल्या माणसाचं वर्ष चार ग्रँडस्लॅमच्या पहिल्या फेऱ्यांवरही निघून जातं. डबल्सवाल्याला ती सोय नाही.

तरीही विम्बल्डनचे आकडे ऐकून वाटतं, बरंच आहे की! खरी परिस्थिती खालच्या पायरीवर आहे. महिलांच्या आयटीएफ स्पर्धांना एकेरीच्या विजेतीला मिळणाऱ्या रँकिंग पॉइंटवरून नावं आहेत. सगळ्यात खाली डब्ल्यू १५, जिची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर, मग ३५, ५०, ७५, १००. बक्षिसाच्या रकमेतला मोठा भाग एकेरीकडे जातो. डब्ल्यू १५ स्पर्धेत डबल्स जिंकणाऱ्या जोडीला मिळून हजार डॉलरच्या आतच मिळतात. म्हणजे एकीच्या हातात साधारण चाळीस हजार रुपये, आणि तेही विजेतेपद मिळालं तर. त्यातून त्या देशाचा कर कापला जातो. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, फिजिओ. कोचला सोबत नेणं हा तर विषयच नाही.

या पायरीवर खेळणारी कुठलीही खेळाडू बक्षिसाच्या पैशावर जगत नाही. घरचे पैसे, प्रायोजक, सरकारी मदत, नोकरी, लीगचे सामने, असं मिळून चालतं. म्हणून पदकांना इतकं महत्त्व येतं. एशियन गेम्समध्ये बक्षिसाची रक्कम नसते, पण पदक घेऊन घरी आलं की सरकार देतं. हांगझोऊ एशियन गेम्सनंतर महाराष्ट्र सरकारने सुवर्णपदकासाठीची रक्कम वाढवून १ कोटी केली. डब्ल्यू १५ च्या चाळीस हजारांशी याची तुलना करून बघा.

त्या हांगझोऊमध्ये टेनिसचं एकमेव भारतीय सुवर्ण डबल्समध्येच आलं, आणि ते मिळवणारी अर्धी जोडी आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची होती. ऋतुजा भोसले. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीकडून कॉलेज टेनिस खेळलेली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी मिश्र दुहेरीच्या फायनलमध्ये ती आणि बोपण्णा चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा हरले. दुसरा ६-३ घेतला, सुपर टायब्रेक १०-४. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा, ऋतुजा २७ ची. बार्शी आणि श्रीरामपूर, दोन्ही तालुक्याची गावं. एकेरीत जगाच्या पहिल्या शंभरात या दोघींपैकी कुणीच नव्हतं. पण एशियन गेम्सचं पदक दोघींकडेही आहे, आणि दोघींचंही डबल्समधलं.

मग डबल्सवाला किती वर्षं टिकतो?

पैसा कमी, पण वर्षं जास्त. हा या व्यवसायातला मोठा फायदा. अर्धंच कोर्ट सांभाळायचं, मॅच छोटी, पाच सेटची दमछाक नाही. विम्बल्डनने पुरुष दुहेरी २०२३ पासून पाचऐवजी तीन सेटची केली, तेव्हा तर शेवटची लांब मॅचही गेली. पेस ४२ व्या वर्षी मार्टिना हिंगिससोबत विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकला. (कोलकात्यात वाढलेल्या पेसचे वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं ब्राँझ जिंकलेल्या भारतीय संघातले.)

बोपण्णाची गोष्ट तर टोकाची आहे. कूर्गचा हा मुलगा शाळकरी वयात पुण्याला नंदन बाळ यांच्याकडे टेनिस शिकायला आला होता. व्यावसायिक झाला २००३ मध्ये. पुढे दोन्ही गुडघ्यांमधली कूर्चा झिजली, चालतानाही दुखायचं. मग त्याने अय्यंगार पद्धतीचा योग सुरू केला, ज्या पद्धतीचं मूळ पुण्यातल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे जातं. जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डेनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून तो ४३ व्या वर्षी जगात एक नंबर झाला. इतक्या वयात पहिल्यांदा एक नंबर झालेला तो पहिलाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये, ४५ व्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. बोपण्णाला शिखरावर जायला वीस वर्षं लागली. एवढी वर्षं टिकायला घरची ताकद लागते, स्पॉन्सर लागतात, आणि जवळ स्पर्धाही लागतात. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही एटीपी स्पर्धा व्हायची. बोपण्णाने तिथे दोनदा डबल्स जिंकलं, २०१९ ला दिविज शरणसोबत आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनसोबत. घरची स्पर्धा असली की स्थानिक खेळाडूंना वाइल्डकार्ड मिळतं, म्हणजे रँकिंग कमी असलं तरी एक दार उघडतं. ती स्पर्धा २०२३ नंतर पुण्यातून गेली, तिची जागा हाँगकाँगने घेतली. प्रेक्षकांनी आठवडाभर हळहळ केली. वाइल्डकार्डची वाट बघणाऱ्या मुलांचं नुकसान मात्र दरवर्षी होतंय.

स्टार आले आणि स्पेशालिस्ट हरले का?

२०२५ च्या यूएस ओपनमध्ये जे झालं त्याने डबल्सचा जुनाच वाद परत वर आला. आयोजकांनी मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नेली, फक्त सोळा जोड्या ठेवल्या, सेट चार गेमचे केले, आणि थेट प्रवेश दिला तो एकेरीच्या रँकिंगवर. उरलेल्या जागा वाइल्डकार्डच्या. बक्षीस मात्र एकदम दोन लाखांवरून दहा लाख डॉलर. म्हणजे ज्यांचं हे रोजचं काम, त्यातल्या बहुतेकांना बाहेर ठेवून बक्षीस वाढवलं. स्टेडियम भरलं, हे मान्य करावं लागेल.

पण जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेया वावासोरी. आधीच्या वर्षीचे विजेते, डबल्समध्ये मुरलेली इटलीची जोडी, जी वाइल्डकार्ड घेऊन आत आली होती. फायनलमध्ये त्यांनी इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना सुपर टायब्रेकमध्ये हरवलं. डबल्स हे वेगळं कसब आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोर्टावर देता येणार नाही. आयोजकांना तो किती पटला, हा भाग वेगळा.

सोनगीरच्या पोरीने काय करावं?

आता परत खानदेशात येऊ. समजा सोनगीर किंवा शिरपूर-चोपड्याकडची एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी चांगलं खेळते, आणि वडील विचारतात, डबल्सचं करिअर करू दे का? तर कुणीच सुरुवातीपासून फक्त डबल्स खेळत नाही. ज्युनियरमध्ये एकेरी खेळावीच लागते, सर्व्हिस आणि रिटर्न तिथेच तयार होतात. अर्जुन आणि ऋतुजाने घेतलेला अमेरिकन कॉलेजचा रस्ता म्हणूनच बऱ्याच जणांना परवडतो. स्कॉलरशिप मिळाली तर शिक्षणाचा खर्च सुटतो, आणि तिथल्या कॉलेज सामन्यांत डबल्सचा वेगळा पॉइंट असतो, त्यामुळे दोन्ही खेळावं लागतं. टेनिस नाही जमलं तरी हातात डिग्री राहते. वडिलांना रात्री झोप लागायची असेल तर हा हिशोब छोटा नाही.

प्रार्थना या रस्त्याने न जाताही टिकून राहिली, आणि डबल्सवाल्याची खरी किंमत कधी कळते ते तिच्याच एका वर्षात दिसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई ओपन या डब्ल्यूटीए १२५ दर्जाच्या स्पर्धेत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, ती नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनोसोबत फायनलला गेली. फायनल सुपर टायब्रेकपर्यंत गेली आणि तिथे हातातून निसटली.

दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये बालेवाडीत बिली जीन किंग कप होता. महिला टेनिसमधली देशादेशांची ही स्पर्धा, डेव्हिस कपसारखी. एका लढतीत दोन एकेरी आणि एक डबल्स. एकेरी १-१ झाली की सगळा भार डबल्सवर येतो. दक्षिण कोरियाविरुद्ध नेमकं तेच झालं. श्रीवल्ली भमिदिपाटी जिंकली, वैदेही चौधरी हरली, आणि कोर्टवर आल्या अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे. दोघींनी सरळ दोन सेटमध्ये मॅच काढली. त्या आठवड्यात न्यूझीलंडच्या मागे दुसरा नंबर पटकावून भारत प्लेऑफला गेला.

देशासाठी खेळलेल्या अशा डबल्स मॅचमुळे डब्ल्यूटीए रँकिंग वर सरकत नाही. ते सरकतं मुंबईतल्या फायनलसारख्या आठवड्यांमुळे. आणि त्या फायनलचे पॉइंट मोजून बावन्न आठवडे चालतात. त्यानंतर पुन्हा तीच बेरीज, तोच मेसेज. पुढच्या आठवड्यात तू कुणासोबत खेळतेयस?